मारबत अन् बाकाबाई, खरं काय?

प्रश्न: आमची आजी म्हणायची काळी मारबत म्हणजे बाकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून लोक तिला दरवर्षी जाळतात. खरं आहे का सर? – नागपूरच्या महाल भागातली एक वाचक

उत्तर: गोष्ट भारी आहे पण जरा थांबा बाप्पा. काळी मारबत म्हणजे आपल्या नागपुरात मिरवणूक काढून जाळतात तो काळा पुतळा. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली, हरली, पुढच्या वर्षी अप्पासाहेबांना गादीवरून काढलं अन् लहानग्या तिसऱ्या रघुजींना बसवलं, कारभार पाहायला कोण तर बाकाबाई, दुसऱ्या रघुजींची राणी! वरून रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेन्किन्सचा वचक, मग काय, 'फितूर' हा शिक्का बसला तो बसलाच. पण १८५३ ला तिसरे रघुजी वारले, डलहौसीने राज्य खालसा केलं, तेव्हा विरोधाचे अर्ज करणाऱ्यांत हीच म्हातारी बाकाबाई होती, हे कोणी सांगतच नाही. अन् काळी मारबत निघायला लागली १८८१ च्या सुमारास, म्हणजे लढाईनंतर साठेक वर्षांनी! तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जागनाथ बुधवारीच्या गर्दीत उभं राहून ऐका, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत', मला तर ती हाक राणीपेक्षा रोगराईलाच जास्त वाटते.