ब्रोशरच्या ड्राफ्टवर वर्गातले सगळे नुसतं "मस्त आहे" म्हणतात, खरा फीडबॅक कसा काढायचा?

"कसं वाटलं?" असं विचारलंस तर "भारी"च ऐकायला मिळणार, कारण समोरच्याला पण त्याचं सबमिशन असतं आणि उगाच तुझं मन कशाला दुखवा. मी पण दोन सेमिस्टर हेच केलं. मग घारापुरीच्या लेण्यांचं ब्रोशर केलं तेव्हा एका मैत्रिणीच्या हातात घडी घातलेला कागद दिला आणि एवढंच म्हटलं, सोमवारी जायचंय, बघ जमतंय का. बाई दोन मिनिटं उलटसुलट करत बसली, शेवटी गेटवेवरून लाँच किती वाजता ते विचारायला लागली, आणि लेणी सोमवारी बंद असतात ही ओळ मी मागच्या बाजूला ६ पॉइंटच्या बारीक अक्षरात, ती पण करड्या रंगात टाकलेली! तिने फीडबॅकचा एक शब्द दिला नाही पण मला कळायचं ते कळलं.

तर मत मागू नको, काम दे, आणि मध्येमध्ये समजावत बसू नको (हे जाम अवघड जातं). स्क्रीनवर तर दाखवूच नको, झेरॉक्सवाल्याकडून ए४ वर खऱ्या साइजमध्ये प्रिंट काढ. तीन पॅनलचं असेल तर आत दुमडणारं पॅनल ९७ मिमी आणि बाकीची दोन १०० मिमी, तिन्ही ९९ ठेवलीस तर आतलं पान घडीत अडकून फुगतं, पीडीएफमध्ये हे कुणालाच दिसत नाही. जमलं तर दोन वेगळे ड्राफ्ट ने, एकच असला की लोक भिडेखातर गप्प बसतात, दोन असले की लगेच भांडायला लागतात. आणि वर्गातल्यांना कर्निंग (अक्षरांमधलं अंतर) दिसतं, फोन नंबर दिसत नाही, म्हणून एक कॉपी लोकलमध्ये शेजारच्या काकूंना पण दाखव.