टेम्पो: गाण्यातला आणि संत्र्यांचा

नागपूरच्या कळमना बाजारात संत्री उतरवणाऱ्या टेम्पोकडे बोट दाखवून, तबला शिकणाऱ्या एका तरुण मित्राने विचारले, की गाण्याचा टेम्पो आणि हा टेम्पो यांचा काही संबंध आहे काय? गाडी ‘टेम्पररी’ भाड्याने मिळते म्हणून ती टेम्पो, अशी त्याची स्वतःची समजूत होती.

दोन्ही टेम्पो मुळात एकच. लॅटिनमधील ‘टेम्पुस’ म्हणजे काळ. त्यावरून इटालियनमध्ये ‘टेम्पो’ आला आणि त्याचे अर्थ वेळ, हवामान आणि संगीतातील गती असे पसरले. इटालियन माणूस ‘के टेम्पो फा?’ असे विचारतो तेव्हा त्याला घड्याळ नव्हे, आभाळ कसे आहे ते जाणून घ्यायचे असते. फ्रेंच ‘ताँ’ आणि स्पॅनिश ‘तिएम्पो’ यांतही वेळ व हवा असे दोन्ही अर्थ नांदतात. संगीताच्या परिभाषेबरोबर हा शब्द युरोपभर फिरला, आणि जर्मनमध्ये त्याला वेग हा सर्वसाधारण अर्थ मिळाला. तिथे रस्त्यावरील वेगमर्यादेला ‘टेम्पोलिमिट’ म्हणतात.

आपली गाडी आली ती याच जर्मनीतून. हॅम्बुर्गच्या फिडाल उंट झोन या कंपनीच्या तीनचाकी मालगाड्यांचे नाव ‘टेम्पो’ होते. 1958 मध्ये त्या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू झाली, आणि डालडाप्रमाणे हेही व्यापारी नाव सामान्यनाम होऊन बसले. 2005 मध्ये कंपनीने फोर्स मोटर्स असे नाव घेतले, तरी कोणत्याही बनावटीची छोटी मालगाडी आपल्याकडे टेम्पोच राहिली, आणि चालवणारा टेम्पोवाला.

मित्राची व्युत्पत्ती चुकली खरी, पण अगदीच परकी नाही, कारण ‘टेम्पररी’ हा शब्दही ‘टेम्पुस’च्याच घरातला आहे. गाडीचे नाव मात्र त्यावरून आलेले नाही.

राहता राहिला संगीतातला अर्थ. त्याला आपल्याकडे ‘लय’ हा नेमका शब्द असून विलंबित, मध्य आणि द्रुत हे तिचेच भेद आहेत. त्यामुळे ‘ताल वाढव’ असे कोणी म्हटले की मला खटकते, कारण ताल म्हणजे मात्रांची, म्हणजे ठोक्यांची, ठरलेली मांडणी, वेग नव्हे; तीनताल द्रुत लयीत गेला तरी सोळा मात्रांचाच राहतो. ‘नाटकाचा टेम्पो पडला’ हा प्रयोग मात्र मला चालतो, तिथे तो शब्द मराठीत चांगला मुरला आहे.