रात्री तीनला जाग येते, म्हणजे झोप बिघडली का?

"तीनला डोळे उघडतात, मग काही केल्या झोप लागत नाही." ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत पन्नाशीच्या आसपासची माणसं बरीच असतात. एका उन्हाळ्यात आलेले नागपूरच्या इतवारीतले किराण्याचे ठोक व्यापारी मात्र सोबत वहीच घेऊन आले. त्यांना वसंतराव म्हणू. ओळख पटू नये म्हणून बाकी तपशीलही थोडे बदलले आहेत.

वहीत रोजच्या रात्रीचा हिशोब होता. झोपेचं एक चक्र दीड तासाचं असतं आणि अशी पाच चक्रं झाली की झोप पुरी, असं त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. "सव्वादहाला डोळा लागतो. पावणेबारा, सव्वा, पावणेतीन. तिसऱ्यावरच गाडी अडते जी. उरलेली दोन चक्रं बुडतात ना!"

शेजारी बसलेल्या काकूंना राहवेना. "मॅडम, हे अंधारात मोबाइल पाहतात, आकडे लिहितात, अन् वरून मलाच विचारतात, झोप काहून येत नाही!"

अर्धं निदान काकूंनीच करून टाकलं होतं. तरी मी आधी ठरलेले प्रश्न विचारले. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडल्यासारखा होणं, लघवीला सारखं उठावं लागणं, रात्रीची दारू, पहाटे लवकर जाग येऊन मन उदास राहणं. यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग मी. वसंतरावांना यातलं काही नव्हतं, साखरही तपासून झाली होती.

दीड तासाचा आकडा काही थाप नाही. 1953 साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेत डोळे झरझर हलण्याची अवस्था नोंदवली. हलकी झोप, गाढ झोप आणि मग ही अवस्था, असं चक्र रात्रभर साधारण ठरावीक काळानं परत परत येतं, हे त्यातून पुढे स्पष्ट झालं. चोवीस तासांहून लहान असे बरेच ताल शरीरात चालतात, त्यातला हा एक. पण 90 मिनिटं ही सरासरी आहे. तान्ह्या बाळाचं चक्र तासाभरातच संपतं. मोठ्या माणसाचं एकाच रात्रीत एक 70 मिनिटांचं, तर दुसरं 110 मिनिटांचंही होतं. घड्याळ बघून चक्रं मोजताच येत नाहीत. (दीड-दीड तासाचं अभ्यासाचं टाइमटेबल भिंतीवर लावणाऱ्या पालकांनाही मी हेच सांगते. हाच ताल दिवसाही चालत असावा असं क्लाइटमनना वाटे, पण त्याचा पुरावा रात्रीइतका भक्कम नाही.)

वसंतरावांना खरा दिलासा पुढच्या गोष्टीनं मिळाला. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागातच उरकतो. नंतर हलकी झोप आणि ती डोळे हलण्याची, स्वप्नांची झोप वाढत जाते. दोन चक्रांच्या सांध्यावर मिनिटभर जाग येणं हा झोपेचाच भाग आहे, फक्त सकाळी ते आठवत नाही. वय वाढतं तशी गाढ झोप कमी होते आणि ही जाग जास्त जाणवते. म्हणजे तीनला डोळे उघडणं हा बिघाड नव्हताच. उघडल्यावर वेळ पाहायची, "अजून दोन राहिली" म्हणायचं आणि त्या धास्तीनं टक्क जागं व्हायचं, दुखणं इथं होतं.

"मग वही?" त्यांनी विचारलं. वही मी ठेवून घेतली.

मोबाइल बैठकीत ठेवायचा, बेडरूममधलं घड्याळ काढायचं. जाग आली आणि बराच वेळ तळमळ झाली, तर उठून मंद उजेडात बसायचं आणि डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. ते साडेनवालाच अंथरुणावर पडत आणि सहापर्यंत तिथेच लोळत, तेव्हा अंथरुणातली वेळ अकरा ते साडेपाच अशी आवळली. हे पहिले काही दिवस जड जातं, दिवसा पेंग येते, म्हणून तेवढे दिवस गाडी मुलानं चालवायची असंही ठरलं. कूलरची ताटी वाळली की खोली तापून झोप मोडते, हे मात्र काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी टाकीत रात्रभर पुरेल एवढं पाणी भरून ठेवायला सुरुवात केली.

महिन्याभरानं दोघं आले तेव्हा जाग येत होती, पण बहुतेक रात्री परत डोळा लागत होता.

दुपारच्या झोपेवर मात्र आमचं जमेना. मे महिन्याच्या दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही, अर्धं शटर पाडून दोन तास ताणून देणं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. ती बंदच करा म्हटलं तर ते माझ्याकडे परत आले नसते. बरीच घासाघीस झाली आणि अर्ध्या तासावर सौदा पटला, तोही तीनच्या आत. उठवायची जबाबदारी दुकानातल्या पोराकडे दिली आहे.