गुलामांच्या सुटकेचा खेळ मांडावा का?

प्रश्न : मी आठवीला इतिहास शिकवते. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना का अर्पण केलं, असं मुलांनी विचारलं. त्यातून तिथले गुलाम पळून मुक्त कसे झाले, यावर उपक्रम घ्यायचं ठरवलं. खिडक्या लावून वर्गात अंधार करायचा. निम्मी मुलं गुलाम, निम्मी त्यांना पकडणारी. गोधड्यांवरच्या गुप्त खुणांचा तक्ताही करणार आहे. मुलं हरखली आहेत, पण एक सहकारी ‘हे बरं दिसत नाही’ म्हणतात. काय करू?
— एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर : बाई, सहकाऱ्यांचं ऐका. अंधारात पळापळ झाली की मुलं खिदळणार, पकडला गेलेला ‘आउट’ होणार आणि घंटा वाजली की डबे उघडणार. खरोखर पकडल्या गेलेल्याच्या वाट्याला फटके यायचे, नाहीतर दूर दक्षिणेत विक्री. शिवाय गुलाम कोणाला करणार? वर्गात कोणाचं आडनाव काय, हे मुलांना आपल्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं. चिठ्ठ्या टाकल्या तरी मधल्या सुट्टीत त्या मुलाला कोणत्या नावानं हाका मारतील, तेवढं डोळ्यांपुढे आणा.

गोधड्यांचाही नाद सोडा. गोधड्यांवरच्या खुणा पळणाऱ्यांना वाट दाखवायच्या, ही कथा 1999च्या एका इंग्रजी पुस्तकानं पसरवली. तिला त्या काळातला पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही.

त्यापेक्षा फळ्यावर एक जाहिरात लिहा. ऑक्टोबर 1849, मेरीलँड राज्य. एलायझा ब्रोडेस नावाच्या मालकिणीनं पळालेल्या तिघा भावंडांसाठी ती दिली होती. हॅरी, वय सुमारे 19. बेन, 25. मिंटी, 27; रंग तांबूस, दिसायला छान, उंची पाच फूट. राज्यात सापडल्यास प्रत्येकी 50 डॉलर, राज्याबाहेर सापडल्यास 100. बाहेर दुप्पट का, हे मुलांना शोधू द्या. नकाशा उघडला की उत्तरेला लागूनच पेनसिल्व्हेनिया दिसेल, तिथे गुलामगिरी नव्हती. दोघे भाऊ घाबरून परतले, मिंटीलाही मागे यावं लागलं. मग ती एकटी निघाली आणि पोचली. तीच हॅरिएट टबमन. पुढे सुमारे तेरा वेळा परत जाऊन तिनं सत्तरेक माणसं बाहेर काढली. बरेचदा शनिवारी रात्री निघायची, कारण सोमवारपर्यंत जाहिरात छापून येत नसे.

माझं स्वतःचं आवडतं प्रकरण मात्र एलन क्राफ्टचं. जॉर्जियातल्या मेकन गावची ही बाई इतकी गोरी, की डिसेंबर 1848 मध्ये तिनं पुरुषी कपडे चढवले आणि आजारी जमीनदार म्हणून आगगाडीत बसली. नवरा विल्यम तिचा ‘नोकर’, काळ्यांच्या डब्यात. लिहिता येत नव्हतं. हॉटेलात सही मागतील म्हणून उजवा हात गळ्यात बांधला. बोलावं लागू नये म्हणून तोंडाला पट्टी, डोळ्यांना हिरवा चष्मा. तर शेजारी येऊन बसला मालकाच्याच ओळखीचा माणूस, तिला लहानपणापासून पाहिलेला! तिनं बहिरेपणाचं सोंग घेतलं. नाताळच्या सकाळी दोघं पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाला उतरली. या वेषांतरात कुठला धोका कशानं टाळला, ते मुलांना सांगायला लावा. तुम्हाला हवा तो थरार इथे आहे.

त्याच शहरात विल्यम स्टिल हा काळा कारकून सुटून येणाऱ्यांच्या मुलाखती लिहून ठेवायचा. एकदा समोर बसलेला अनोळखी माणूस त्याचा सख्खा भाऊ निघाला. हे सांगाच, नाहीतर दयाळू गोऱ्यांनी कंदील दाखवला आणि हे मागोमाग चालत आले, असं चित्र मुलांच्या मनात बसतं. फुल्यांनी अर्पणपत्रिकेत मुक्त करणाऱ्यांचा गौरव केला, तो रास्तच होता. वर्गात त्याला ही जोड द्या.

पळालेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याच्या 1850च्या कायद्याला दहा मिनिटं पुरे. पकडलेल्याला मालकाकडे परत पाठवलं तर अधिकाऱ्याला 10 डॉलर, सोडून दिलं तर 5. हे आकडे ऐकल्यावर मुलं स्वतःच बोलू लागतील. याच कायद्यामुळे क्राफ्ट जोडप्याला बॉस्टन सोडून इंग्लंड गाठावं लागलं.

एक प्रश्न हमखास येईल : बाकीचे का नाही पळाले? 1860 मध्ये गुलाम होते 39 लाखांवर. दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातल्या मळ्यापासून मुक्त मुलूख शेकडो मैल दूर, आणि पोरंबाळं मागे ठेवायची कोणाकडे? त्याच वर्षी टबमन बहिणीला, रेचेलला, आणायला गेली. रेचेल वारली होती. तिची दोन मुलं सोडवायला 30 डॉलरची लाच हवी होती, टबमनकडे तेवढे नव्हते. ती मुलं तिथेच राहिली. त्या फेरीत तिनं एन्नल्स नावाचं कुटुंब आणलं. तान्ही पोरं रडू नयेत म्हणून त्यांना अफूचं औषध पाजत. या प्रश्नासाठी वेगळा जोडतास ठेवा. शनिवारची सकाळ मात्र नको, तेव्हा मुलांचं लक्ष घड्याळाकडे असतं.