होसे मार्ती यांना नेमकं काय म्हणायचं: कवी, पत्रकार की राजकारणी? (परभणीत स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय)

एकच लिहायचं असेल तर पत्रकार लिहा, कारण क्यूबाच्या या माणसाचं पोट लेखणीवर चाललं आणि राजकारणही तिच्यातूनच उभं राहिलं. जन्म हवानाचा, १८५३. सोळाव्या वर्षी, तेव्हा क्यूबावर राज्य करणाऱ्या स्पेनच्या सरकारने राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं आणि पायात बेडी अडकवून दगडाच्या खाणीत राबवलं. त्याच बेडीच्या लोखंडाची अंगठी पुढे त्यांच्या बोटात असे, वर ‘क्यूबा’ कोरलेलं. (तुरुंगवास भोगलेले संपादक अनंत भालेराव यांच्या मराठवाड्याला याचं नवल वाटायला नको म्हणा.) हद्दपारीत न्यूयॉर्कला राहून ते अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्सच्या ‘ला नासिओन’ या वृत्तपत्राला वार्तापत्रं पाठवत. १८९२ मध्ये त्यांनी ‘पात्रिया’ हे वृत्तपत्र काढलं, क्यूबन क्रांतिकारी पक्षही त्याच वर्षी. ‘राजकारणी’ म्हटल्यावर मात्र आपल्याकडची खुर्ची आणि निवडणूक डोळ्यांपुढे आणू नका. १९ मे १८९५ रोजी क्यूबातल्या दोस रिओस इथे स्पेनच्या सैन्याशी झालेल्या चकमकीत ते मारले गेले, क्यूबातून स्पेनची सत्ता जायला अजून तीन वर्षं होती. पर्यायांत ‘वरील सर्व’ असेल तर बिनधास्त तोच निवडा, १८९१ चा त्यांचा कवितासंग्रहही नावाजलेला आहे.