पिशवी टेबलावर रिकामी कर

प्रिय डॉक्टर,

"दिवसभर पेशंट तज्ज्ञांकडे पुढे पाठवायचे, यात माझं फॅमिली डॉक्टर म्हणून काय काम?" हे तुझं वाक्य डोक्यातून जात नाही.

एका आजोबांचं सांगतो. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल आणि अम्लोडिपिन चालू होतं. पाय सुजले. ही अम्लोडिपिनची नेहमीची खोड, पण दुसरीकडे सूज बघून त्यांना लघवीची गोळी मिळाली. गुडघ्यासाठी तिसरीकडून वेदनाशामक. रॅमिप्रिल, लघवीची गोळी आणि इबुप्रोफेनसारखं वेदनाशामक एकत्र आलं की किडनीवर ताण येऊ शकतो. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं माप, वाढलेलं निघालं. त्याआधी ते दोनदा माझ्यासमोर बसून गेले होते. मी रक्तदाब मोजला, "छान आहे" म्हणालो. ते मला अजून सलतं. कारण सगळ्या चिठ्ठ्या एकत्र बघणं माझंच काम होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

म्हणून पेशंटला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांग आणि पिशवी टेबलावर रिकामी कर. दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या, काढे, चूर्णंसुद्धा. एकच यादी कर: गोळी कशासाठी, कुणी सुरू केली, कधी थांबवायची. नवी तक्रार आली की आधी या यादीकडे बघ, मग नव्या गोळीचा विचार कर. हॉस्पिटलमधून घरी आलेल्याला तर लवकरात लवकर बोलव. एकच औषध दोन नावांनी चालू असलेलं तिथे हमखास सापडतं.

पुढे पाठवताना नुसतं "कृपया तपासावे" लिहू नकोस. तुला पडलेला प्रश्न लिही: धाप हृदयामुळे की फुफ्फुसामुळे? पाठवलेल्यांची वही ठेव. उत्तर आलं नाही तर फोन कर. काही जण गेलेच नाहीत असं कळेल. रागावू नकोस, कारण विचार. दोन तज्ज्ञ दोन गोष्टी सांगत असतील तर त्या दोघांशी तू बोल. पेशंटला मध्ये उभं करू नकोस.

केर व्हाइट हे डॉक्टर-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये अमेरिका-ब्रिटनच्या आकडेवारीवरून हिशेब मांडला होता. १००० प्रौढांपैकी महिन्याभरात ७५० जणांना काहीतरी दुखणं होतं, २५० डॉक्टरकडे जातात, ९ रुग्णालयात दाखल होतात, आणि मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयात पोचतो फक्त १. आपण सगळं शिकलो ते त्या एकाच्या खाटेशेजारी. बाकीचे तुझ्या दाराशी आहेत.

या आठवड्यात पाच पिशव्या उघड. काय सापडलं ते कळव.