टेलर, फेयॉल की मेयो: कंपनीला खरा उपयोग कोणाचा?

एमबीएच्या पहिल्या सत्रात शिकवले जाणारे टेलर, फेयॉल, वेबर आणि मेयो यांचे शंभर वर्षांपूर्वीचे सिद्धांत आज कंपन्यांच्या खरंच कामाला येतात का आणि त्यात सरस कोण, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांत प्रॉडक्शन सांभाळत आलोय, त्यामुळे उत्तर तिथूनच देतो. माझ्या मते लहान-मध्यम कारखान्याला सगळ्यात जास्त गरज फेयॉलची असते, आणि नेमका तोच कोणी वापरत नाही. वापरतात टेलर, तोही अर्धा.

१८९९ च्या सुमारास बेथलेहेम स्टीलमध्ये लोखंडाच्या लाद्या वाहणाऱ्या मजुराचं दिवसाचं काम १२.५ टनांवरून ४७.५ टनांवर नेलं, असं टेलर हा अमेरिकन अभियंता लिहितो. (गोष्टीत बराच मीठमसाला आहे, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलंय.) मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ झाली. म्हणजे काम जवळजवळ चौपट आणि पैसे साधारण ६० टक्के जास्त. हे ऐकून तुम्हाला राग येईल, पण आमच्याकडे स्टॉपवॉच घेऊन टाइम स्टडी होतो, तासाचं टार्गेट वाढतं, आणि पगाराच्या स्लिपवर मात्र काही हलत नाही. कामगार हात राखून का काम करतो, याचं एक कारण टेलरनेच सांगून ठेवलंय: उत्पादन वाढलं की मालक दर कापतो, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं. हे पान बहुतेक साहेब लोक वाचत नाहीत.

आता फेयॉल. हा प्राध्यापक नव्हे. फ्रान्समधला खाण अभियंता, १८८८ मध्ये बुडायला आलेल्या कंपनीचा प्रमुख झाला आणि १९१८ पर्यंत ती चालवली. १९१६ मध्ये त्याने चौदा तत्त्वं मांडली. त्यातलं एक असं की एका माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून मिळावा. परीक्षेच्या नोट्समध्ये ही एक ओळ असते. शॉप फ्लोअरवर तिची किंमत वेगळी असते. सेकंड शिफ्टला प्रेसवर एक डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) चढलेली, सेटिंग पूर्ण झालेलं. तेवढ्यात मोठ्या शेठचा फोन, अमुक पार्ट आधी काढा. डाय उतरवली. मग धाकटे शेठ येतात, हे कोणी थांबवलं? वर प्लॅनिंगवाल्याचा व्हॉट्सअॅप तिसराच. शिफ्टचे दोन तास सेटिंगमध्ये जातात आणि सकाळी जाब विचारतात सुपरवायझरला.

गंमत म्हणजे इथे टेलर आणि फेयॉल समोरासमोर भिडतात. टेलरला एका कामगारावर आठ प्रकारचे फोरमन हवे होते, प्रत्येक जण आपापल्या विषयातला तज्ज्ञ. फेयॉलने यावर थेट टीका केली, कारण आठ साहेब म्हणजे आठ हुकूम. मात्र आडव्या बोलण्याला त्याचा विरोध नव्हता. वरिष्ठांना माहीत ठेवून क्वालिटीवाल्याने टूल रूमशी थेट बोलावं, अशी सोय त्याने ठेवली होती. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं. हुकूम चौघांचे, आणि एक बर (पत्र्याच्या कडेची खरखरीत धार) काढायची तरी कागद जीएमपर्यंत जाऊन येतो.

वेबरबद्दल फार लिहीत नाही. त्याचं म्हणणं एवढंच की कारभार माणसाच्या मर्जीवर नव्हे, लेखी नियमांवर चालावा. मोठ्या गाडी कंपनीला माल द्यायचा तर ऑडिट येतंच, आणि मग लेखी नियम, नोंदी, ठरलेले अधिकार हे सगळं आपोआप येतं. नातेवाइकाला स्टोअर सांभाळायला बसवायच्या सवयीवर तेवढाच काय तो उतारा.

कामगाराच्या भावना आणि गटातल्या नात्यांवर भर देणाऱ्या मेयोचं नाव घेऊन मात्र बरीच स्वस्ताई चालते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या, त्याच्या नावाशी जोडल्या गेलेल्या प्रयोगांवरून 'आपुलकी दाखवली की उत्पादन वाढतं' एवढंच लोकांनी उचललं. तिथे रिले (टेलिफोनमधले विजेचे स्विच) जोडणाऱ्या पाच जणींच्या गटाचं उत्पादन वाढलं खरं, पण त्यांची मोबदल्याची पद्धतही बदलली होती आणि मध्येच दोघींना काढून दुसऱ्या घेतल्या होत्या. दसऱ्याला मशीनची पूजा, वाढदिवसाला केक, हे चांगलंच आहे. फक्त कंत्राटी पोरांचा ओव्हरटाइम थकलेला असेल तर केकने काही होत नाही.

प्रोजेक्टसाठी सातपूर-अंबडला येणार असाल तर एचआरची मुलाखत नंतर घ्या. आधी एखाद्या ऑपरेटरला विचारा, ''चालू काम थांबवायला तुम्हाला कोण कोण सांगू शकतं?'' दोनपेक्षा जास्त नावं आली तर फेयॉलचं प्रकरण काढा, आणि टार्गेट वाढल्यावर काय मिळालं हे विचारल्यावर तो नुसता हसला, तर टेलरचं.